शिशावरचं तेल

२४ सप्टेंबर, बुधवार

रविराजनं परत मला न विचारता काम घेतलं. नवरा आहे, भागीदार आहे, पण शेडमधली रसायनं कोण बघतं? आम्ही साखर कारखान्याचे पाइप आणि पंप रंगवणारे. आणि हा होडीची कील घेऊन आला. शिडाच्या होडीला बुडाखाली शिशाचं जाड पातं असतं, वाऱ्यानं ती कलंडू नये म्हणून. ते हे. होडी बापूसाहेबांची. निवृत्त होऊन खानवट्याला राहिलेत, उजनीच्या फुगवट्यात शीड लावून फिरतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा बुडालेल्या गावाच्या कुठल्यातरी भिंतीवर आपटली. खालची कड वाकलीय, एका बाजूला हातभर खरवडलंय.

क्रेनवाला उतरवताना म्हणाला, “मॅडम, कील बोले थे. मैं समझा थैली में आएगी.” हिंदीत कील म्हणजे खिळा. सगळे हसले. मी नाही. हसायला काय झालं होतं मला?

२६ सप्टेंबर

शिसं कोरडं घासायचं नाही, पाणी मारत घासायचं. ती धूळ छातीत गेली की निघत नाही. सांगून घसा बसला. रविराज म्हणतो, “तू कॉलेजात हाय का शेडमधी?” सोपानरावांनी मुकाट्यानं नळाचा पाइप आणला. आमचे सगळ्यात जुने कारागीर. आठवडाभर शेडशेजारच्या खोलीत राहतात, सुट्टीला पाटसला घरी.

कड लाकडी हातोड्यानं सरळ करत होते. “मऊ हाय वैनी, लोण्यावानी. रागराग केला की वाकडं व्हतंय.” हे शिशाबद्दल होतं ना?

३० सप्टेंबर

उद्या पहिला हात. सकाळी सोपानराव शेवटचं घासून थिनरनं पुसतील, मी पुण्याहून प्रायमर आणते. मधे कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. कोरडं म्हणजे कोरडं!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

यायला दुपार झाली. शेडमध्ये पूजा उरकलेली — कॉम्प्रेसर, पाने, स्प्रे गन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. सोपानराव सणाला घरी गेले होते. कील स्वच्छ दिसली. प्रायमर मीच मारला. छान बसला.

४ ऑक्टोबर

खरवड पुटीनं भरली, वर इपॉक्सीचे हात चढले. आरशासारखी झालीय. काम घेतलं ते बरंच झालं, असं रविराजला म्हणाले नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

बापूसाहेब बघायला आले. कौतुकानं कीलवरून हात फिरवला. नखाला काही लागलं, ओढलं — पापुद्रा आला. भाकरीचा येतो तसा, अख्खा. खाली उघडं शिसं.

“हे घेऊन मी पाण्यात जाणार होतो,” एवढंच म्हणाले.

रविराज सोपानरावांकडं वळला. “थिनर मारला हुता का न्हाई?”

“मारला हुता.”

“मग हे आपोआप निघालं व्हय?”

सोपानराव त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “वैनी, म्या पुसलं हुतं.”

आणि मी म्हणाले, “खोटं बोलू नका. शिसं खोटं बोलत नाही.”

काय वाक्य! सुचलं, म्हणून बोलले. बापूसाहेबांनी मान खाली घातली.

“उद्यापासनं येऊ नका,” रविराज म्हणाला. सोपानरावांनी हातमोजे काढून बाकावर ठेवले. खोलीतलं बोचकं घेतलं आणि गेले.

७ ऑक्टोबर

पुसलं नसेल, तर मी बोलले ते खरंच आहे. मग जेवण का जात नाही?

८ ऑक्टोबर

सगळा थर खरवडून काढायला बसले. पापुद्र्यांच्या आतल्या अंगाला तांबूस ठिपके. गंज वाटला. पण शिशाला तांबडा गंज येत नाही! वास घेतला — करडईचं तेल. घरातून लिंबू आणून पिळलं. ठिपके पिवळे पडले. शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. हळद. आमच्या प्रायमरमधल्या आम्लारीनं लाल झालेली.

आत्यांना — माझ्या सासूबाईंना — विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. “व्हय, म्याच तेल आन् हळदकुंकू लावलं. सगळ्या हत्यारांची पूजा झाली आन् येवढं मोठं हत्यार तसंच उभं. खंडेनवमीला हत्यार कोरडं ठिवू न्हाई. आमच्या मेंढ्यांमागं हिंडायच्या दिसांत कातरीला सुदिक आदी तेल लावायचे.”

“कुणी बघितलं?”

“रव्या हुता. सोपान हुता, त्याचं पुसून झालं हुतं. रव्या म्हनला, मी पुसून घेतो, तुमी सणाला जावा.”

घेतलं पुसून. कोरड्या फडक्यानं! थिनरचा डबा हाताशी असताना. कुंकू मला दिसू नये म्हणून, कारण मी ओरडते.

म्हणजे तिघांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला, आणि निकाल मी दिला.

रविराजवर इतकी ओरडले की बाहेर माणसं थांबली. त्याचं उत्तर: “मग पाव्हण्याम्होरं आईचं नाव घ्यायचं व्हय? सोपानराव घरातलेच हायत. समजून घेतील.” घरातले! म्हणून घराबाहेर काढले.

आत्यांना सोपानराव गेल्याचं तोवर ठाऊकच नव्हतं. माझ्याकडून ऐकलं. नंतर चहाही घेतला नाही.

९ ऑक्टोबर

रविराज म्हणाला फोन करतो. केला नाही. “चार दिस जाऊ दे, राग उतरंल त्यांचा.” त्यांचा!

मीच केला. त्यांच्या बायकोनं, धुरपदानं उचलला. “रानात गेल्यात.” संध्याकाळी परत केला. “आत्ताच पडल्यात जरा.” आवाज गोड होता, तेच लागलं. काय बोलणार होते मी? चुकलं म्हणायचं होतं, की रविराजचं चुकलं म्हणायचं होतं? दोन्ही वाक्यं तयार होती. पहिलं लहान होतं. तरी दुसऱ्याचीच तयारी जास्त केली होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून आत्या घरात नाहीत. दुपारी धुरपदाच्या नंबरवरून फोन — आत्याच. दोन एसट्या बदलून एकट्या पाटसला गेल्यात.

मी म्हणाले, आम्ही न्यायला येतो.

“रव्याला म्हनावं, त्या होडीवाल्या पाव्हण्याला संगं घिऊन ये. ज्याच्याम्होरं बोललास, त्याच्याम्होरंच माघारी घे. तवर मी हितनं हालत न्हाई.”

मग म्हणाल्या, “आन् साधना, तू बी.”