मापांच्या वह्या भाचीच्या नावे

मी, कोट शिवणारी, वय त्रेपन्न, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करते. दबावाखाली यायची माझी हौस केव्हाच फिटली. औषधांनी बोटं बधिर झाली आहेत, म्हणून मी सांगते आहे आणि लिहिणारी लिहिते आहे.

१. दुकानाचा गाळा काज-बटणं करणाऱ्या बाईंना. माझ्या आजारात "होईल सगळं ठीक" असलं गुळमुळीत त्या एकदाही बोलल्या नाहीत.

२. मोठी कात्री दादाला. माझ्या जनुक तपासणीचा अहवाल बिचाऱ्याला हाताने फाडावा लागला. तीही झेरॉक्स होती, हे कळण्याएवढी अक्कल त्याला कुठली! आई शेहेचाळिसाव्या वर्षी गेली, ताई एकोणचाळिसाव्या. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी घरातल्या आजारांचं विचारलं तर हा म्हणे, दोघींनी हाय खाल्ली, आमच्या घराण्यात कॅन्सर नाही. मी मापांच्या वह्या पुढे ठेवल्या. अंग उतरत गेलं तसा आईचा कोट कितीदा आत घेतला, ताईचा कधीपासून, सगळं तारखेनिशी. त्यावरून बाईंनी घराण्याचा तक्ता काढला, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. दादाच्या चौकोनात प्रश्नचिन्ह राहिलं. जनुकातला हा दोष बापाकडूनही लेकीला येऊ शकतो, असं त्या सांगत होत्या. "बायकांचा आजार, माझा काय संबंध?" म्हणून हा शूरवीर उठून जिना उतरला.

३. आपल्या लेकीचं लग्न मोडेल म्हणून, मी मरेपर्यंत तिला काही सांगणार नाही, असा शब्द दादाने माझ्याकडून घेतला. मी दिला. इथे माझंही लिही गं, मी त्याच्याहून भित्री निघाले.

४. शिवणयंत्र, मापांच्या वह्या आणि मूळ अहवाल दादाच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला. अट काही नाही. तपासणी करायची की नाही, तिचं तिने ठरवावं, पण माहीत असून ठरवावं. आधी कळलं तर डॉक्टरांना नजर ठेवता येते, उपाय करता येतात. मला उशिरा कळलं.

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, समोरचे इस्त्रीवाले.
सही वाकडी आहे, पण माझीच आहे.
ठिकाण: माझं दुकान, कापड बेतायचं टेबल.
दिनांक: आजचा. शब्द मरेपर्यंतचा होता, तो मी आज मोडला.

लेखनिक: भाची. चौथ्या कलमापाशी तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आत्या, बाबांना हे माहीत होतं?" मी हो म्हटलं. तिने पेन उचललं आणि समुपदेशक बाई उद्या किती वाजता येतात, ते विचारलं.