तेलाच्या डागावरचे माप

श्रीवर्धन,
१० डिसेंबर १९५९

प्रिय दादा,

तुझे जबलपूरचे पत्र पोचले. माझा बिनतारी सेट घेतलेल्या विजेतली किती एरियलला देतो, त्याचा मी कळवलेला एकोणऐंशी टक्क्यांचा आकडा तू लाल शाईने खोडलास आणि खाली एवढेच लिहिलेस, "कोणाच्या डोळ्याने मोजलेस?" दोन दिवस जेवण गोड लागले नाही. मग वाटले, तू विचारलेस ते बरोबरच आहे. सहावीत शाळा सुटलेल्या माणसाने निदान आकडे तरी खरे लिहावेत.

मोजले कसे, ते आधी सांगतो. शेवटच्या व्हॉल्व्हला अडीचशे व्होल्ट आणि चाळीस मिलिअँपिअर, म्हणजे दहा वॅट मिळतात. त्यातले बाहेर किती पडतात हे दाखवणारे मीटर माझ्याकडे नाही. म्हणून एरियलच्या जागी मोटारीचा एक बल्ब लावला आणि तसाच दुसरा बल्ब माणगावहून भरून आणलेल्या बॅटरीवर पेटवला. मधे खोबरेल तेलाचा थेंब टाकलेला कागद उभा केला. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला की तेलाचा डाग दिसेनासा होतो. त्या क्षणी बॅटरीवरचा बल्ब जेवढे वॅट खातो, तेवढेच सेट देत असतो. व्होल्ट आणि अँपिअर मीटर सांगते. डाग कधी गेला, हे मात्र डोळाच सांगतो, आणि माझ्या डोळ्याला ऐंशी हवे होते.

तेव्हा ठरवले, सेटचे वाईट चिंतणारा डोळा शोधायचा. तसा घरात एकच. चार वर्षांपूर्वी ज्यांनी तुझी एरियल कोयत्याने तोडली, "पोफळी सुपारीसाठी असतात, तारा टांगायला नव्हेत" म्हणाले, आणि ज्यांचे नाव त्या दिवसापासून तुझ्या पत्रात येत नाही, त्या आबांचा. माझे गणित असे, की मी जास्त सांगणार, आबा कमी सांगणार आणि खरे मधे कुठेतरी सापडणार.

"मला कशाला ओढतोस त्या भानगडीत?" असे म्हणत आले खरे. बसण्याआधी त्यांनी दोनदा विचारून घेतले, यंत्राचा बल्ब कोणता आणि बॅटरीचा उजेड वाढवला की यंत्राचा आकडा वाढतो की घटतो. मी खरे ते सांगितले. भर दुपारी माजघराची दारे लावली आणि मीटर माझ्याकडे वळवून ठेवले. मी उजेड हळूहळू वाढवत गेलो. मला डाग गेलेला दिसला तरी आबा म्हणाले, "वाढव." मी म्हटले, "आबा, गेला ना डाग?" तर म्हणाले, "सुपारीतली कीड मी सालीवरून ओळखतो. मला तू उजेड शिकवू नकोस. वाढव!"

आकडा आला पंच्याऐंशी. दोन बल्बांत फरक असेल म्हणून अदलाबदल केली, काचा पुसल्या, नवा कागद लावला. तर शहाऐंशी! मी घाबरलो. मीटरच बिघडले की काय, अशी शंका आली.

शेवटी सुपारी सोलायला येणाऱ्या ठमाबाईला हाक मारली. तिला कुठला बल्ब कशाचा हे ठाऊक नव्हते, मी सांगितलेही नाही. तिने पाहिले आणि म्हणाली, "ग्येला डाग. जाव का आता? थितं सोलायचा ढीग पडलाय." नऊ व्होल्ट, शून्य दशांश सात अँपिअर. म्हणजे सहा दशांश तीन वॅट. तीन दिवस तीनदा बसवले. त्रेसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट टक्के. पुस्तकातही अशा व्हॉल्व्हला साठ-पासष्टच दिले आहेत. म्हणजे सेट ठीक, मीटरही ठीक. चूक फक्त डोळ्यांची होती, आणि दादा, ज्यांच्याकडून मी कमीची वाट पाहत होतो, ते माझ्याहूनही सहा टक्के जास्त मागत होते.

खरा आकडा त्यांना सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मग जबलपूरपर्यंत जायचे नाही?" मी जबलपूरचे नाव त्यांच्यापुढे कधी काढले नव्हते. मी म्हटले, सहा वॅट पुष्कळ झाले, पण तार कौलांवर लोळते आहे, तिला उंची हवी. ते वाडीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सुपारी पाडणारा भागोजी पोफळीवर चढलेला आणि आबा खालून ओरडताहेत, "अजून वर! शेंड्याला नको रे, गाभा दुखवशील!" भागोजी वरून म्हणाला, "आबानू, तोडाया बी तुमीच न् बांधाया बी तुमीच!" आबा म्हणाले, "तोंड कमी चालव, गाठ घट्ट मार." झाडे तीच दोन, विहिरीजवळची, तुझी एरियल होती ती.

येत्या वीस तारखेला, रविवारी सकाळी आठ वाजता, चाळीस मीटरच्या लहरींवर मी तुला मोर्समध्ये हाक देईन. लायसन नवे आहे. दुसऱ्या कुणाचा निरोप हवेवरून धाडायला परवानगी नाही आणि तो नियम मी मोडणार नाही. आबांना तसे सांगितले, तर म्हणाले, "माझा कसला आलाय निरोप?" मग पायरीपर्यंत जाऊन परत आले आणि विचारले, "मी शेजारी बसलोय, हे त्याला त्या टकटकीतून कळेल का रे?" कळणार नाही, म्हणून हे पत्र. रविवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर ते असतील. अगदी बारीक ऐकू आले तरी उत्तर दे, पण किती ऐकू आले त्याचा रिपोर्ट खरा दे. त्यांना बरे वाटावे म्हणून एक आकडाही वाढवू नकोस. वाढवायचे ते स्वतःच वाढवून घेतील.

तुझाच,
सदा