उलाळ बंडी आणि वकिलांची बोट

बाबा, बडनेऱ्याच्या फलाटावर बसून लिहून राहिलो. इथंच आपण मोर्शीची संत्री उतरवायचो, आणि बाहेरच्या चढावर आपली बंडी उलाळ झाली होती. ओझं मी मागं रचलेलं. जू वर उचललं गेलं, बैल लटकले, संत्री रस्ताभर. तुम्ही चाबूक टाकला आणि सगळ्या हमालांसमोर म्हणालात, "काहून रे, वजन समजत नाही तुले? मंग जगात काय समजन?" एक हमाल आपलंच संत्रं सोलून खात हसत होता, त्याच्या मिशीला चिकटलेले धागे मला अजून दिसतात. पुढच्या साली तुम्ही गेलात. त्याला बारा वर्षं झाली. वाक्य मात्र गेलं नाही.

आता ऐका. मुंबईला मी मोटारबोटी विकणाऱ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी तुमचा धडा वापरला. बंडी धुरजड, पुढं वजन असलेली बरी, म्हणून बोटीतही सगळं सामान पुढं रचलं. बोटीनं नाक खुपसलं, पाणी आत. मालक गुडघाभर पाण्यात उभे राहून शिव्या देताहेत, आणि मी मनात म्हणतोय, बाबा, तुमचं वजन जमिनीवरचं! पाण्याचं मी तुमच्याविना शिकलो. खाडीला सपाट तळाची, हलकी बोट. भर समुद्राला खोल पोटाची, लाट कापणारी. आठ-आठ दिवस किनाऱ्यानं हिंडायचं तर संथ चालीची, झोपायला खोली आणि तेलाची मोठी टाकी असलेली. तुम्ही मात्र संत्र्याला, जत्रेला, ताईच्या लग्नालाही एकच बंडी जुंपलीत. आई म्हणाली, माणसं बसायची छपराची दमणी मागून आणा. तुम्ही म्हणालात, "चाक फिरते ना? मंग झालं." ताई मांडवापुढं उतरली ती साडीला संत्र्याचा वास घेऊन.

काल मालकांनी मला अकोल्याला एका वकिलांकडे धाडलं. "मोठी समुद्रातली बोटच विकायची, नाहीतर परत येऊ नको." वकिलांची सासुरवाडी कोकणात, खाडीकाठी. त्यांना एकाच बोटीत खाडी, समुद्रातली मासेमारी आणि गोव्यापर्यंतची सफर, सगळं हवं होतं. मी विचारलं, "साहेब, वर्षातून जास्त दिवस कुठं जाल?" ते उत्तर जुळवताहेत, तोवर बंगईवर झोके घेणारी त्यांची म्हातारी आई बोलली, "समुद्रात कोन जाते, बाप्पा! याले तं होडीत पाय ठेवला का वांती होते. हा आपला सासऱ्याच्या घरी जाऊन येईन, बस."

"आई, तू गप राह्य!" वकील लाल झाले.

मी माहितीपत्रकातल्या सपाट तळाच्या छोट्या बोटीच्या चित्रावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "तुझा मालक तं मोठी घ्या म्हणून लिहून राहिला."

"मालकाले थोडीच जायाचं हाय, साहेब? जाणार तुमी."

त्यांनी छोटीवर सही केली. आता नोकरी जाईल. जाऊ द्या. सांगा बाबा, कोणाला समजत नाही वजन?

हे पत्र कुठं धाडू? खिशातच राहील, चुरगळेल. एक मात्र लिहून ठेवतो. मुंबईची गाडी मला अकोल्यालाच मिळत होती. मी उलट्या दिशेचं तिकीट काढून इथवर आलो, आणि मघाशी त्या चढावर बराच वेळ उभा होतो.