सगळे पाय एका मापाचे

ता. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो आणि तिसऱ्या मिनिटाला तुझी रेंज जाते. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

दुकानातला जुना टॅब आता जाण्याच्या वाटेवर आहे. बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण उचललं गेलंय. चालू केला की अर्ध्या तासात तव्यासारखा तापतो आणि आपोआप बंद पडतो. दुरुस्तीवाल्याने तर तो हातात न घेताच मान हलवली. ती कंपनीच आता उरलेली नाही, बॅटरी मिळायची नाही, फार तर महिनाभर काढेल, असं म्हणाला. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. सहाशे चाळीस माणसांच्या पायांची मापं, बाबांनी घेतलेली आणि त्यांच्यानंतर मी घेतलेली. ज्याचा पाय जन्मतः वळलेला आहे, ज्याची बोटं काढावी लागलीत, ज्याचं एक पाऊल दुसऱ्याहून लहान आहे, अशी माणसं माझ्याकडे बूट करून घ्यायला येतात. त्यांचं माप म्हणजे नुसता आकडा नसतो. पावलाची अख्खी कड लागते, खरी तेवढीच, आणि जुनी कड शेजारी ठेवल्याशिवाय नवा बूट बेतता येत नाही.

आणि हे सगळं कागदावर होतं रे. बाबांचे तपकिरी कागद, दोन कपाटं भरून. अकरा वर्षांपूर्वी तूच येऊन ते टॅबमध्ये भरलेस, ताई आता आयुष्यभराची काळजी मिटली म्हणालास आणि कागद रद्दीत घालायला लावलेस. मी घातले. ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तुझ्याही.

आता बाजारात नव्या टॅबच्या दोन जाती आहेत. एक चंदेरी, एक काळी. दुकानदार चंदेरीचं नाव काढलं की डोळेच मिटतो. तुझे दाजी काळीची बाजू घेतात, कारण त्यांच्या छापखान्यात काळी आहे. शेजारचा चष्मेवाला सांगतो की जो चंदेरीत गेला तो पुन्हा बाहेर पडत नाही. अरे, मला काय सोयरीक जमवायची आहे का? मला माणूस उभा करून माप घ्यायचंय आणि जुनी मापं वाचवायचीत. तेव्हा एका ओळीत कळव, चंदेरी की काळी?

डावा पाय कसा आहे? बूट कुठून घेतोस, याचं उत्तर तू आठ वर्षांत दिलेलं नाहीस.

रागावलेय, पण माया आहे ती आहेच.
तुझी,
ताई


ता. ११ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

एका ओळीत सांगण्यासारखं असतं, तर वाचनालयाने संगणक सांभाळायला मला ठेवलंच नसतं. सोबत तीन पानांचा तक्ता जोडलाय. डावीकडे चंदेरी, उजवीकडे काळी, एकूण बावीस मुद्दे. त्यांतल्या सोळांत चंदेरी सरस आहे. पडदा स्वच्छ, पेन हातात बसणारं, अपडेट वेळेवर, आणि जाडी म्हणशील तर करंगळीच्या नखाएवढी. काळी बोजड आहे आणि दर दोन दिवसांनी काहीतरी परवानगी मागत बसते. तिच्या बाजूने मोठा मुद्दा एकच. जुन्या टॅबला केबल जोडली की ती त्यातली मापं आहेत तशी उघडते. चंदेरी उघडत नाही, पण त्यासाठी एक ॲप आहे. सगळी मापं एका दुपारी इकडून तिकडे येतील. कुठे काय दाबायचं ते तक्त्याच्या मागे क्रमाने लिहिलंय. क्रम सोडू नकोस, स्वतःचं डोकं लावू नकोस.

मी स्वतः तीन वर्षं चंदेरी वापरतोय, त्यामुळे मनातल्या मनात तुझं उत्तर ठरलेलंच होतं. मागवूनही टाकली आहे. शनिवारी दुकानात पोचेल. दाजींना सांग, रुसू नका.

रद्दीचे टोमणे पुरे कर गं. त्या कपाटांना वाळवी लागली होती हे तू सोयीने विसरतेस. बाबांचे कागद वाचावेत म्हणूनच मी चार दिवस रजा काढून तिथे बसलो होतो.

पाय ठीक आहे. बूट बुटांच्या दुकानातून घेतो, सगळे घेतात तसे.

चिडलीस तरी चालेल, पण आधी तक्ता वाच.
तुझा,
धाकटा


ता. २२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, नाइलाजाने. वि. वि.

तुझी चंदेरी पोचली. दिसायला फारच देखणी. दाजींनी ती हातात धरून विचारलं की हिच्यावर उभं राहायला तेवढं हलकं माणूसही कंपनीच पाठवते का. तुझ्या बावीस मुद्द्यांत हा मुद्दाच नाही! जुना टॅब पाटासारखा जाड. तो मी जमिनीवर ठेवते, माणसाचा एक पाय त्यावर आणि दुसरा शेजारी तेवढ्याच जाडीच्या फळीवर. भार दोन्ही पायांवर सारखा पडला की मगच कड काढायची. आमचे बेकरीवाले चंदेरीवर उभे राहिले असते, तर काचेचा भुगा गोळा करत बसले असते मी.

पण ते जाऊ दे. माणूस कागदावरही उभा करता येतो. रडू आलं ते पुढच्या गोष्टीचं. तू लिहिलंस तसं क्रमाने सगळं दाबलं, पाचव्या पायरीवर तू सांगितलेल्या चौकोनात खूण केली, डोकं अजिबात लावलं नाही. टॅब तापून बंद पडला की निववायचा, पुन्हा लावायचा, असं करत संध्याकाळपर्यंत सगळी मापं आली. मी खूश. दुसऱ्या दिवशी चिमणीचे बूट बेतायला घेतले. चिमणी म्हणजे ती पाच वर्षांची, दर चार महिन्यांनी बूट बदलावा लागतो ती. पाऊल माझ्या वितीहून मोठं! मग बेकरीवाल्यांचं उघडलं. तेही तेवढंच. एकेक उघडत गेले. सहाशे चाळीस माणसं, धाकट्या, सगळ्यांचे पाय एका मापाचे! त्या ॲपने प्रत्येक पाऊल ताणून किंवा आवळून काचेच्या चौकटीत नेमकं बसवलंय. शिवाय बाबांनी आणि मी कडेला लिहिलेलं एक अक्षर आलेलं नाही. आकार आहेत, माप नाही. माझ्या काय कामाचे ते?

शेवटी तुझं पान उघडलं. बाबांनी तू पाच वर्षांचा असल्यापासून सोळाचा होईपर्यंत दर वर्षी घेतलेली तुझी मापं. चंदेरीच्या हिशेबात तू त्या सगळ्या वर्षांत सूतभर वाढला नाहीस. आणि तुझे दोन्ही पाय सारखे आहेत. डावा लहान नाही, उजवा मोठा नाही. मी कपाळाला हात लावून बसले. ज्या फरकापायी बाबा प्रत्येक जोड तीनतीनदा उसवायचे, तो एका खुणेत गेला.

आता काय करू ते सांग, आणि तक्ता पाठवू नकोस.
तुझी,
ताई


ता. २८ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यावर आधी तुझाच राग आला. वाटलं, हिने नक्की काहीतरी भलतं दाबलं असणार. मग माझ्याकडची नक्कल काढून पाहिली. पाचव्या पायरीवर 'पानात बसवा' या चौकोनात खूण कर, असं मीच लिहिलं होतं. वाचनालयातली चित्रं आम्ही रोज तशीच घेतो, म्हणून हात सवयीने लिहून गेला. चूक माझी आहे. खूण न करता पुन्हा घ्यायचं, तर अख्खी दुपार तो टॅब तापवावा लागेल, आणि कडेचं अक्षर तरीही यायचं नाही. सुरुवातीलाच काळी घेतली असती, तर हे काही झालं नसतं. मला चंदेरी आवडते म्हणून मी तुझ्या गळ्यात मारली.

काळी मागवली आहे. तुला लागेल तेवढी मोठी सध्या शिल्लक नाही, तीन आठवडे लागतील म्हणतात. दाजींच्या छापखान्यातली जुन्या बनावटीची आहे, तिला ही केबल बसत नाही. मी त्यांच्याशी फोनवर भांड भांड भांडलो, उपयोग झाला नाही. तोवर जुना टॅब अजिबात चालू करू नकोस. फुगलेली बॅटरी आहे, दर वेळी धोका. काळी आली की मी केबल घेऊन येतो आणि आपण एकदाच चालू करू. तेवढं माझं ऐक.

माझ्या पायांचं मनावर घेऊ नकोस. ती मापं कुणाच्या कामाची नाहीत.

तोंड दाखवायला जागा नसलेला,
तुझा,
धाकटा


ता. १७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. तीन आठवडे तो टॅब बंद ठेवायचा आणि मग एकदाच चालू होईल यावर विसंबून राहायचं, हे मला झेपेना. दाजींनी छापखान्यातून पातळ कागदाची गुंडाळी आणली. रोज सकाळी टॅब चालू करायचा, उजळलेल्या काचेवर कागद ठेवायचा, त्यांनी दोन कोपरे दाबायचे आणि मी पेन्सिलने कड उतरवायची. अर्धा तास झाला की काच पोळायला लागते, मग बंद. रोज दहा-बारा माणसं व्हायची. एकदा दाजींना शिंक आली आणि पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा अंगठा कानाकडे निघाला. आम्ही भांडलो, तो कागद फाडला, दुसरा घेतला.

ज्यांना वर्षभरात बूट लागणार, ते आधी घेतले. चिमणी, बेकरीवाले, अंथरुणाला खिळलेले ते मास्तर, ज्यांना पुन्हा उभं करता येणार नाही. एकशे अठरा झाले. तुझं पान मी मागे ठेवत गेले. रोज वाटायचं, आज घ्यावं. रोज कुणीतरी निकडीचं निघायचं.

परवा मात्र ठरवून तुझं आधी उघडलं. पहिलंच माप, वय पाच, डावा पाय. कडेला बाबांचं अक्षर. 'आज रडला नाही.' एवढंच लिहिलं होतं. टाचेपासून सुरुवात केली, करंगळीपर्यंत पोचले, आणि काच काळी झाली. मग काही केल्या उजळली नाही. तुझी काळी कालच आली. एक दिवस उशिरा. तू म्हणालास तसं थांबले असते, तर कदाचित सगळी वाचली असती. कदाचित एकही नाही. हे मला आता कधीच कळणार नाही, आणि याच गोष्टीने जीव जळतोय. मी खूप रडले. दाजींनी दुकानाचं दार लावून घेतलं.

उतरवलेली अर्धी कड सोबत पाठवतेय. तुझी आहे, तुझ्याकडे असू दे.

माया कमी झालेली नाही, हे वेगळं लिहायला नको.
तुझी,
ताई


ता. २४ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्धी कड मिळाली. माझ्या तळहातात मावते. ती टेबलाच्या काचेखाली ठेवलीय.

तू एका ओळीत उत्तर मागितलं होतंस. सात आठवडे उशिरा देतोय. काळी ठेव, आणि कागद टाकू नकोस.

दुसरं उत्तर आठ वर्षं उशिरा. दुकानातून दोन्ही बूट उजव्या पायाच्या मापाचे घेतो आणि डाव्यात कापूस कोंबतो. दुपारनंतर पोटरी भरून येते, म्हणून वाचनालयात बसूनच असतो. बाबा असेपर्यंत बूट त्यांनीच केले. ते गेल्यावर तुझ्यासमोर मोजे काढून उभं राहायला जिवावर यायचं. बाबा माप घेताना पायाकडे बघायचे. तू तोंडाकडे बघतेस.

सोबत तपकिरी कागद आहे. काल दोन्ही पायांची कड काढली. दोन-तीनदा तोल गेला, रेष थोडी हललीय. यावरून एक जोड करशील का? घाई नाही. काळी जर परवानगी मागून छळत असेल, तर कळव.

तुझ्या लोभाचा हक्कदार,
धाकटा


ता. ३० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काळी दिवसातून चारदा छळते. आता माप कागदावर घेते आणि मग काळीने त्याचा फोटो काढते, खऱ्या मापात आला की नाही हे फुटपट्टीने पाहते. कागद कपाटात, वाळवीच्या औषधासकट.

तुझा कागद पाहिला. बिनकामाचा आहे. इतकी वर्षं बाबांसमोर उभा राहिलास आणि एवढं कळू नये? स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. वाकलं की भार पुढे जातो, चवडा पसरतो, टाच उचलली जाते आणि कड खोटी येते. तुझा डावा त्यात उजव्याएवढा आलाय. चंदेरीनेही तेच केलं होतं.

तेव्हा रजा काढ आणि ये. फरशी पुसून कागद अंथरलाय. मोजे काढायचे, सरळ समोर बघायचं आणि दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभं राहायचं, बस्स.

मी तोंडाकडे बघणार नाही.

तुझी,
ताई