माशीच्या नोंदीत पत्नीचे नाव लावणेबाबत

दि. १५/१२/२०२५

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जिल्हा कीटक नोंद कक्ष, कोल्हापूर.

विषय: आमच्या अंगणातील माशीच्या नोंदीवर माझ्या मयत पत्नीचे नाव लावणेबाबत.
संदर्भ: आपले दि. २४/११/२०२५ चे अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

मी धनपाल आप्पासो मगदूम, राहणार राजारामपुरी, शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीतून निवृत्त मोल्डर. आपले अभिनंदन मी परत करत आहे. माशी मी शोधली नाही. माझी पत्नी राजमती हिने शोधली.

ही मधमाशी पोळे करत नाही. एकेक मादी मातीत स्वतःचे बीळ खणते. दसऱ्याच्या सुमारास दिसते, कार्तिक संपता संपता नाहीशी होते. पत्नीने सात वर्षे तिची बिळे, वेळा, ती कोणत्या फुलावर बसली, सगळे वहीत लिहिले. त्या दिवसांत माझी स्कूटर रस्त्यावर असे. "त्यांच्या दारात गाडी लावायची न्हाई," असे ती म्हणे.

तिने आपल्याकडे तीन अर्ज केले. पहिल्या वेळी आपण पोळ्याचा फोटो मागितला. दुसरा अर्ज डास निर्मूलनाकडे पाठवला. तिसऱ्या वेळी मेलेली माशी मागितली. आम्ही जैन. ती म्हणाली, "नोंदीसाठी जीव घ्यायचा, मग ती नोंद कशाची?" आपण प्रकरण बंद केले. जूनमध्ये ती वारली.

त्यानंतर चूक मी केली. तिचे नाव कुठेतरी लागावे म्हणून १२ ऑक्टोबरला सकाळी बिळातून निघणारी एक माशी बरणीत धरली आणि औषधाचा कापूस टाकून मारली. बराच वेळ ती काचेवर चढत होती. चाळीस वर्षांच्या संसारात पत्नीसमोर मी मुंगीसुद्धा चिरडली नव्हती. बरणी आपल्याकडे दिली. सात वर्षे न झालेली नोंद सहा आठवड्यांत झाली. माझ्या नावाने.

मी चौकशीला आलो तेव्हा आपले लिपिक म्हणाले, "पावणं, नमुना जो आणतो त्याचंच नाव लागतं की. मयत बाईनं माशी धरली, असं कसं लिवायचं?" जिवंतपणी तिने धरली नाही, मेल्यावर धरणार नाही, एवढे मलाही कळते.

तरी विनंती की, मारणारा म्हणून माझे नाव ठेवावे. ते खरे आहे. ओळखणारी म्हणून राजमती धनपाल मगदूम असे लिहावे. नोंदवहीत तसा रकाना नसेल तर पट्टी घेऊन आखावा. मी समोर बसून राहीन.

आपला नम्र अर्जदार,
धनपाल आप्पासो मगदूम

सोबत:
१) पत्नीचा मृत्यू दाखला.
२) पत्नीची वही, पाने १४२. मूळ आहे. वाचून परत द्यावी.