माझा बसलेला आवाज आणि अल्बोरादाचा पान्हा

आदरणीय रोसेन्दोभाऊ यांना मेहुणा एलेउतेरियो याचा मानाचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. तुम्ही म्हणाल, घसा बसला होता, हात तर बसला नव्हता? पण भाऊ, मी शाळेत गेलो थोडाच. तोंडानं मोठ्यानं म्हटल्याशिवाय अक्षर माझ्या हातून कागदावर उतरत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी बोलायला साफ बंदी केली होती. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो म्हणे. तेव्हा आवाज बंद म्हणजे टपाल बंद. आता थोडं बोलायची मुभा मिळाली, म्हणून आधी तुम्हालाच लिहितो. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे पूर वेळेवर ओसरला, गवत बरं आहे.

नातीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात अर्धी पंगत शिंकत होती. ताप-खोकला घरात सगळ्यांना आला आणि गेला. माझा मात्र जाताना आवाज घेऊन गेला. तोंड उघडलं की गंजलेल्या बिजागरीची कुरकुर. लिंबू पिळून गुळाचं गरम पाणी इतकं प्यालो की पोटात डुचमळायला लागलं. शेवटी आरशासमोर टॉर्च धरून घशात पाहिलं. आत सगळं लालेलाल! संपलं म्हटलं. (तुमची बहीण हर्मिनिया म्हणाली, "आधी कधी डोकावला होतात? मग पूर्वी हिरवं होतं की लाल, हे कसं कळलं तुम्हाला?") डॉक्टरीणबाई म्हणतात, सूज उतरायला काही आठवडे लागतील, घाई करू नका. पण संत रोकेची जत्रा थांबते का? तिथे दूध काढण्याच्या गाण्यांच्या स्पर्धेला माझं नाव दिलेलं, तेही शेजारच्या आन्सेल्मोच्या आधी.

त्यात गाई अडून बसल्या. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या मैदानी मुलखात गाणं म्हणून नावानं बोलावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. एकीचं नाव गायचं, तिचं वासरू आत सोडायचं, ते चार घोट प्यालं की आपण बसायचं. जावई विल्मेर (शहरचा आहे, पण मनाचा चांगला) म्हणाला, "बाबा, काळजी कशाला? वाढदिवसाचं तुमचं गाणं माझ्या फोनमध्ये आहे की!" सकाळी त्यानं फोन खांबाला टांगला. फोनमधल्या मी अल्बोरादा गाईच्या नावाची तान घेतली. अल्बोरादा आली! पण फोनमधला मी थांबेना. वाढदिवसाला ऐटीत मी सगळ्या गाईंची नावं एका दमात गायलो होतो ना! गोलोंद्रिना, काम्पानिता, पालोमा... सगळी वासरं एकदम उठली, फाटक मोडलं, आणि जी गाय समोर आली तिला लुचू लागली. विल्मेर बादलीसकट शेणात. चीजपुरता थेंब उरला नाही. घरात सगळे हळहळले. मी मात्र, खरं सांगतो, आतून फुललो. एवढ्याशा डबीतून निघालेला माझा आवाज फाटक मोडतो, तर समक्ष काय करत असेल! आन्सेल्मो जन्मभर गळा काढतोय, त्याच्या वासरांनी कधी काटकी तरी मोडली?

असो. आवाज आता पुष्कळ सुधारला आहे. काळजी नसावी.

आपला,
एलेउतेरियो

ता. क. सुधारलेला नाही. दोन नावं निघतात, तिसऱ्याला नुसती हवा.

आणखी ता. क. मग दूध कोण काढतं, असं तुम्ही विचाराल. हर्मिनिया. जन्मात गोठ्यात गायली नव्हती. फाटक मोडल्याच्या दुसऱ्या सकाळी स्टूल घेऊन बसली आणि हळूच अल्बोरादाचं नाव गायली. बादली काठोकाठ! माझ्या हाताखाली ती कधी इतकी भरली नव्हती. मी भिंतीआड उभा होतो. ऊर भरून आला. (रागानं की अभिमानानं, हे ठरायला दुपार झाली. अभिमानच होता.) तेव्हा विनंती अशी, की जत्रेत माझ्या जागी तिनं गावं. माझं ऐकत नाही, पण थोरल्या भावाचा शब्द मोडणार नाही. तुमच्याच मनात आलं असं तिला लिहा. माझं नाव नको.

शेवटचं ता. क. घोळ झाला. मी हे सगळं मोठ्यानं म्हणत लिहितोय, हे ध्यानातच राहिलं नाही, आणि हर्मिनिया चुलीपाशी बसलेली. म्हणते, "भिंतीआड होतात ते तेव्हाच कळलं मला. खोकला काय भिंतीआड लपतो? दादा येऊन समोर बसला तर गाईन. नाहीतर घेऊ दे आन्सेल्मोला बक्षीस." तेव्हा भाऊ, गुडघ्यांना काहीतरी लावा आणि या. येताय की नाही, ते लवकर कळवा. फक्त जपून लिहा. तुमचं उत्तरही मी मोठ्यानंच वाचणार.