चार ओळींची जागा

मंगळवार, ता. १२

प्रिय वहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिते. पंखा दुरुस्त झाला. शेजारीणबाईंनी पुन्हा माझी शिडी नेली आणि पुन्हा विसरल्या. फोन हाताशी असताना ही बया पत्र कशाला लिहीत बसली, असं तू म्हणशील. सांगते. आधी चष्मा लाव आणि हातातलं काम बाजूला ठेव.

रविवारी तुझा फोन आला नाही.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रविवारची पुरवणी उघडायची, माझी ‘माहीत आहे का?’ची चौकट शोधायची आणि दात घासून होण्याआधी मला फोन करून भांडायचं, हा तुझा नेम. शनी पाण्यापेक्षा हलका आहे, पाण्यात टाकला तर तरंगेल, असं मी लिहिलं तेव्हा तू म्हणालीस, “एवढं मोठं पातेलं आणणार कुठून?” शुक्राला स्वतःभोवती फिरायला सूर्याभोवती फिरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, यावर तू म्हणालीस, “म्हणजे तुझा दादाच.” वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते, हे वाचून तर तू पंधरा मिनिटं हसत होतीस आणि शेवटी विचारलंस, “हे शोधायचे तुला पगार देतात?”

देतात. पण आमच्याकडे ते काम कसं चालतं, हे तुला नीट सांगितलं पाहिजे, कारण घोळ तिथेच झालाय. एखादी जाहिरात ऐनवेळी रद्द होते, नाहीतर कुणाचा लेख तोकडा पडतो आणि पानावर भोक पडतं. ते बुजवायला मी. पान लावणाऱ्याला आम्ही फुटपट्टी म्हणतो. तो त्याच्या खुर्चीतून ओरडतो, “ताई, चार ओळी!” की मी चार ओळी देते. आमच्या कचेरीत अख्खं विश्व ओळींवर मोजलेलं आहे. शुक्र तीन ओळींचा, शनी चार, आणि महिनोन्‌महिने जमिनीला पाय न लावता उडत राहणारा पाकोळी पक्षी पाच. फुटपट्टी मजकूर वाचत नाही, जागेत बसतो का तेवढं बघतो.

शनिवारी सकाळी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. नेहमीचीच तपासणी, असं मी तुला फोनवर म्हटलं होतं. तिथून थेट कचेरीत आले, पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती. शब्दकोड्याखालची जाहिरात उडाली होती. फुटपट्टी ओरडला, “ताई, चार ओळी, पटकन!” माझे हात आपोआप चालले. ओळी उतरल्या आणि पानावर गेल्या. रविवारी सकाळी मी पुरवणी उघडली, तेव्हा काय लिहून बसले ते मला कळलं.

तू ते वाचलं आहेस, मला माहीत आहे. तरी लिहिते:

‘दुसऱ्याने दिलेली किडनी जन्मभर पुरेलच असं नाही. बऱ्याचदा पंधरा-वीस वर्षांत ती थकते. तेव्हा घेणाऱ्याला सगळ्यांत मोठी धास्ती असते ती ही, की आता देणाऱ्याला हे सांगायचं कसं.’

पहिली दोन वाक्यं ठीक आहेत, कुठल्याही पुस्तकात सापडतील. तिसरं कुठल्याच पुस्तकात नाही. ते माझं आहे. ओळी बरोबर चार भरल्या, म्हणून फुटपट्टीने लावून टाकलं. जी गोष्ट तुला जवळ बसून सांगायची, ती मी शब्दकोड्याखाली छापून सगळ्या गावाला वाटली.

तर वहिनी, तुझी किडनी थकली आहे. गेल्या वर्षापासून आकडे वर चालले होते. औषधं बदलून पाहिली, दोनदा ॲडमिट झाले. तुला सांगितलं ऑफिसच्या कामाने बाहेरगावी आहे. पुढच्या महिन्यापासून डायलिसिस. घाबरू नकोस, मी मरत नाहीये. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घ्यायचं आणि पडल्या पडल्या वाचायचं. आयतं वाचायला मिळणार म्हणून खरं तर मी खूश व्हायला हवं.

फोन केला असता तर मी काहीतरी चावट बोलून ठेवून दिला असता. म्हणून पत्र.

मला भीती कशाची वाटत होती, तेही सांगते. तुला वाटेल, एवढं पोट फाडून दिलं आणि ते संपलं. तू ते बोलणार नाहीस. तू भाजी चिरत राहशील आणि दादाशी दोन दिवस बोलणार नाहीस. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या त्या वेळी दादा द्यायला निघाला, तर त्याची साखर आडवी आली, आणि घरात सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना तू, जिचं माझं रक्ताचं काही नाही, लग्न होऊन धड दोन वर्षं झाली नव्हती, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालीस, “माझ्याकडे दोन आहेत ना? एक हिला देऊ. त्यात एवढी मीटिंग कशाला?” तुझ्या माहेरचे किती बोलले तुला! तुझी आई तर माझ्याकडे बघतही नव्हती, आणि त्यात तिचं काय चुकलं? जुळल्याचा निरोप आला तेव्हा तू पेढे वाटायला निघाली होतीस. ऑपरेशननंतर कळलं की माझ्या जुन्या दोन्ही आत तशाच ठेवल्यात आणि तुझी पुढच्या बाजूला बसवलीय. तेव्हा टाके दुखत असताना तू म्हणालीस, “ऑक्टोपसला तीन हृदयं, हिला तीन किडन्या. माणसात धरायची का हिला?”

संपलं वगैरे काही नाही गं. त्या किडनीवर मी काय काय केलं, ते बघ तरी. नोकरी केली. आईला शेवटपर्यंत सांभाळलं. तुझ्या लेकीला पोहायला शिकवलं. आणि आपण ते ग्रहण पाहिलं.

आठवतंय? शाळेच्या मैदानात, भर दुपारी. दादा गाडीत घोरत होता. सूर्य पूर्ण झाकला गेला, झाडातली पाखरं एकदम गप्प झाली, समोरच्या दुकानाचे दिवे आपोआप लागले. मी तुला सांगत होते की सूर्य चंद्राच्या जवळजवळ चारशे पट मोठा आहे आणि चारशे पट लांब आहे, म्हणून तो एवढा नेमका झाकला जातो. आणि चंद्र दरवर्षी आपल्यापासून थोडा थोडा दूर सरकतोय, आपली नखं वाढतात साधारण त्या गतीने. खूप खूप काळाने तो इतका लहान दिसेल की असं ग्रहण पुन्हा कुणालाच दिसणार नाही. तू माझा हात धरलास. एरवी तू कुणाचा हात धरत नाहीस. म्हणालीस, “आपण वेळेवर आलो, नाही का?” आणि मग, माझ्याकडे न बघता, “बरं झालं तू आहेस.”

वहिनी, मी आहे ती तुझ्यामुळे. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच “चल, नाटकं” म्हणाली असतीस. आता कागदाला काही म्हणता येणार नाही तुला. मी तुझी फार फार ऋणी आहे, आणि हे ओझं मला कधीही जड वाटलं नाही.

एक मात्र बजावून ठेवते. लेकीला काही सुचवू नकोस, आणि तिने स्वतः विषय काढला तर माझ्यातर्फे कान धर. आत्याने सांगितलंय म्हणावं, दोन्ही तुझ्याकडेच ठेव. माझं नाव यादीत घातलंय, नंबर लागेल तेव्हा लागेल. आणि तुझी उरलेली एक आहे, ती दोघींचं काम करून करून मोठी झालेली असते, हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तिला जप, पाणी पीत जा.

शनिवारी निघता निघता मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मग आता हिचं काय? काढून टाकणार?” तिथे बसल्या बसल्या मला धसका होता तो त्याचा, डायलिसिसचा नव्हे. त्या फायलीतून मान वर न करता म्हणाल्या, “त्रास देत नसेल तर कशाला काढायची? काम थांबलं तरी राहू द्यायची, आहे तिथेच.” मी इतकी हसले की त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय सांगणार? जिन्यावर बसून पोटावर हात ठेवून थोडी रडले, मग कचेरीत गेले.

तेव्हा परत मागू नकोस. मिळणार नाही.

तुला जन्मभर पोटाशी धरून हिंडणारी,
तुझी नणंद
बारकी